नाव नको, माप सांगा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा बोलायला विषय कोणता घेता, असे कार्यवाह बाईंनी विचारले तेव्हा मी सांगितले, "मोटारीच्या रेडिएटरची रबरी नळी." बाईंनी वहीत विषय लिहिला खरा, पण लिहिताना दोनदा माझ्याकडे पाहिले. आजवर या व्यासपीठावर लोणची झाली, बालसंगोपन झाले, बचत झाली. रबरी नळी प्रथमच येत आहे. पण हा विषय मी गमतीखातर घेतलेला नाही. दीड वीत लांबीच्या एका नळीपायी आमच्या घरातली पन्नास वर्षांवरची गाडी भंगारात जायची वेळ आली होती. आणि ती नळी कशी मिळाली हे ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनाही उपयोगी पडेल, असे मला वाटते.

प्रथम गाडीची ओळख करून देते. आमची गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली, आणि फियाटचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही सर्वजणी तिला ओळखता. पद्मिनीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आमच्या गाडीत एक भानगड आहे. तिचे मूळ इंजिन १०८९ सी. सी. चे होते. ते थकले, तेव्हा आमच्या यजमानांनी १९९६ साली त्याच कंपनीच्या ११८ एन. ई. या गाडीचे इंजिन तिच्यात बसवून घेतले. ते ११७१ सी. सी. चे, मुळात निस्सान या जपानी कंपनीचे. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही आला, आणि स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा जमिनीवर आला. रेडिएटर मात्र जुनाच राहिला. तोही एका कारागिराने उघडून, नवी जाळी घालून, तोंडे नव्याने डाख देऊन बसवलेला. म्हणजे अंग फियाटचे, काळीज दुसऱ्याचे आणि मधल्या शिरा कारागिराच्या हातच्या. इंजिन बदलल्याची नोंद यजमानांनी रीतसर आर. टी. ओ. च्या पुस्तकात करून घेतली होती. पण कोणती नळी कोठून आणली, ती कशी कापली, हे त्यांनी कोठे लिहून ठेवले नव्हते. ते सारे त्यांच्या डोक्यात होते. ते गेले, आणि ती माहितीही त्यांच्याबरोबर गेली.

आता ही नळी करते काय, ते थोडक्यात सांगते. इंजिन चालताना तापते. त्याच्याभोवती पाणी खेळत असते. तापलेले पाणी वरच्या नळीतून रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरता उतरता वाऱ्याने थंड होते, आणि खालच्या नळीतून पुन्हा इंजिनाकडे जाते. हे पाणी फिरवायला एक पंप असतो. रेडिएटरच्या टोपणाला स्प्रिंग असते. ते आपल्या कुकरच्या शिटीसारखे काम करते. दाब वाढला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही. कुकरमध्ये हवेपेक्षा सुमारे एक बार जादा दाब असतो, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. मोटारीतही तत्त्व तेच. दाब गाडीगाडीप्रमाणे कमीजास्त असतो. म्हणजे चालत्या गाडीतली रबरी नळी ही एका अर्थी कुकरची भिंतच आहे. ती फुटली तर वाफ आणि उकळते पाणी बाहेर येते, इंजिन कोरडे पडते, आणि दोनचार मिनिटांत हजारो रुपयांचे नुकसान होते. चढणीवर हे घडले तर गाडीत बसलेल्या माणसांची काय अवस्था होईल, ते सांगायला नको.

वाईला नात्यातले लग्न होते. मुलगी गाडी चालवणार, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई मागे बसणार. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीची चढण लागते. निघण्याआधी पंधरा दिवस मुलीने बॉनेट उघडून पाहिले, तर वरची नळी क्लिपेजवळ फुगून जांभळासारखी टम्म झालेली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. नळी तपासायची ती गाडी थंड असताना, आणि मध्यभागी दाबून नव्हे, तर दोन्ही टोकांना, क्लिपेपासून दोन बोटांच्या आत दाबून. कारण नळी बहुधा आतून आणि टोकांकडून कुजते. वरून ती काळी कुळकुळीत दिसते. चिमटीत धरल्यावर टोक मधल्या भागापेक्षा मऊ लागले, चिरा दिसल्या, किंवा दाबताना आत करकर वाटले, तर ती नळी बदलायलाच हवी.

मग आमची दुकानांची फेरी सुरू झाली. पुण्यात मोटारीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ प्रसिद्ध आहे. पहिल्या दुकानात विचारले गेले, "काकू, गाडी कोणती?" मी म्हटले, "फियाट." त्याने फियाटची नळी दिली. ती रेडिएटरला बसली, इंजिनाला बसेना. दुसऱ्या दुकानात इंजिनाचे नाव सांगितले. ती नळी इंजिनाला बसली, रेडिएटरला बसेना, आणि तिचा बाक भलतीकडे वळलेला. तिसऱ्या दुकानदाराने सगळी हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाला, "काकू, अशा गाडीला काही मिळायचे नाही. भंगारात देऊन टाका, बरे पैसे येतील." घरी चिरंजीवांचेही मत तेच पडले.

या मताला कायद्याचाही थोडा टेकू आहे, हे मला नंतर कळले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून मान मिळतो, पण ती मूळ स्वरूपात असली तर. इंजिन, सांगाडा वगैरेंत मोठा फेरबदल केलेला चालत नाही. म्हणजे आमची गाडी ना जुन्यांत, ना नव्यांत. दुकानदाराच्या यादीत तिचे नाव नाही, आणि मानाच्या यादीतही नाही.

शेवटी यजमानांच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. त्यांनी कामधंदा सोडलेला आहे. त्यांनी सारे ऐकले आणि एकच वाक्य बोलले. "वहिनी, दुकानात गाडीचे नाव सांगू नका. माप सांगा."

भगिनींनो, माझ्या आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे. नळीला आपण कोणत्या गाडीसाठी जन्मलो हे ठाऊक नसते. तिला ठाऊक असतो तो आपला व्यास, आपली लांबी आणि आपला बाक. या तीन गोष्टी जुळल्या की ती कुठल्याही गाडीची असो, आपली होते.

व्यास कसा मोजायचा? हे तर बायकांना शिकवायलाच नको. कासाराकडे आपण बांगडी मागतो ती आतल्या मापाने. 'दोन-चार'ची बांगडी म्हणजे दोन इंच आणि इंचाचे सोळा भाग केले तर त्यांतले चार, म्हणजे आतून सव्वादोन इंच. 'दोन-आठ' म्हणजे अडीच इंच. रबरी नळीचेही तसेच. तिचे माप आतून सांगतात, आणि ज्या तोंडावर ती चढवायची त्या तोंडाचे माप बाहेरून घेतात. मोजपट्टी आडवी धरून हे नीट जमत नाही. मिस्त्रींनी सांगितलेली युक्ती सोपी आहे. कागदाची पट्टी तोंडाभोवती घट्ट गुंडाळा, जिथे कागद कागदावर येतो तिथे खूण करा, पट्टी सरळ करून लांबी मोजा आणि तिला ३.१४ ने भागा. तोंडाच्या कडेला एक उंचवटा, म्हणजे कंगोरा असतो. पट्टी त्यावर गुंडाळायची नाही, त्याच्या मागे सपाट भागावर गुंडाळायची. आमच्या इंजिनाच्या तोंडाचा घेर १० सेंटिमीटर भरला, म्हणजे व्यास सुमारे ३२ मिलिमीटर. रेडिएटरच्या तोंडाचा घेर १२ सेंटिमीटर भरला, म्हणजे ३८ मिलिमीटर. दोन्ही दुकानांतल्या नळ्या एकाच बाजूला का बसत होत्या, त्याचा उलगडा तिथेच झाला.

लांबी आणि बाक यांसाठी एक जाड तार घ्यायची. विजेच्या जाड वायरीचा तुकडा चालतो, कपड्यांच्या हँगरची तारही चालते. एका तोंडाच्या मध्यापासून दुसऱ्या तोंडाच्या मध्यापर्यंत, नळी जशी जावी असे आपल्याला वाटते तशी ती वळवायची. वळवताना तीन गोष्टी सांभाळायच्या. पंख्यापासून आणि त्याच्या पट्ट्यापासून दोन बोटे तरी अंतर राहावे. धुराच्या नळकांड्यापासून दूर राहावे. आणि नळी ताणलेली नसावी. इंजिन आपल्या रबरी बैठकांवर हलते, रेडिएटर हलत नाही, म्हणून मधे थोडी ढील हवी. ही तार म्हणजे आपला नमुना. जुन्या ब्लाउजवरून शिंपी नवा बेततो, तसाच हा प्रकार.

तार आणि कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन मी पुन्हा नाना पेठेत गेले. या वेळी गाडीचे नाव काढलेच नाही. दुकानदाराला म्हटले, "आतून ३२ मिलिमीटरच्या, साच्यात वळवलेल्या जेवढ्या नळ्या असतील तेवढ्या दाखवा." त्याने भिंतीवरच्या आकड्यांवरून पंधरावीस काढून समोर टाकल्या. तार एकेकीवर ठेवून पाहिली. एका छोट्या मालवाहू गाडीची नळी अशी निघाली की तिच्या मधल्या भागाचा बाक तारेशी हुबेहूब जुळला. दोन्ही टोके जास्त होती, ती कापायची. किंमत पाहून मुलगी म्हणाली, "आई, परवाच्या भाजीला याहून जास्त पडले."

येथे कोणी सुचवील की सरळ नळी घ्यावी आणि वाकवावी. तसे करू नये. सरळ नळी जोराने वाकवली तर आतल्या अंगाला तिला मोड पडते, आणि पाण्याची वाट तिथेच आवळते. घडी-घडीची, कशीही वळणारी नळी बाजारात मिळते. अडल्यावेळी ती चालते, पण चांगला बाक असलेली मिळत असेल तर तीच घ्यावी. बागेत पाणी घालायची नळी तर मुळीच नको; ती उष्णतेने लोण्यासारखी मऊ पडते. मोटारीची नळी वेगळ्या रबराची असते आणि तिच्या पोटात सुताचे विणकाम असते. आणि खालची नळी घ्यायची असेल तर आणखी एक काळजी. तिच्यातून पंप पाणी ओढून घेतो. नळी मऊ असेल तर ती शोषाने चपटी होते. म्हणून कित्येक गाड्यांत तिच्या आत तारेची स्प्रिंग घातलेली असते. जुन्या नळीत ती असेल तर नव्या नळीतही हवी.

राहिला प्रश्न रेडिएटरच्या ३८ च्या तोंडाचा. त्याला दोन मार्ग होते. रेडिएटर पितळी असल्याने कारागिराकडून जुने तोंड काढून ३२ चे डाखून घेता आले असते. जोड जितके कमी तितके बरे, या न्यायाने तोच मार्ग उत्तम. पण त्यासाठी रेडिएटर उतरवावा लागला असता, आणि लग्नाला आठच दिवस उरले होते. म्हणून दुसरा मार्ग घेतला. एका टर्नरकडून पितळेचा छोटा जोड करून घेतला, एक टोक बाहेरून ३२ चे, दुसरे ३८ चे. त्याला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. जोड आतून पोकळ आणि पातळ हवा, पाण्याची वाट अरुंद व्हायला नको. आणि दोन्ही टोकांना कंगोरा हवा, नाहीतर दाबाने नळी निसटते. जोडाच्या एका बाजूला नवी वळवलेली नळी, दुसऱ्या बाजूला ३८ चा सरळ आखूड तुकडा, आणि एकूण चार क्लिपा.

बसवताना मिस्त्री शेजारी खुर्ची टाकून बसले, हात मुलीचे. नळी चढत नसेल तर तेल किंवा ग्रीस लावायचे नाही. या रबराला तेलाचे वावडे असते. थोडे साबणाचे पाणी लावले की ती सरकते. क्लिप कंगोऱ्याच्या लगेच मागे येते. कंगोऱ्यावर नाही आणि अगदी कडेलाही नाही. ती आवळायची, पण रबर कापेल इतकी नाही. मग पाणी आणि कूलंट भरले, टोपण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत वर भर घातली. पहिल्या फेरीनंतर गाडी रात्रभर निवू दिली आणि सकाळी चारही क्लिपा पुन्हा अर्धा-अर्धा आटा आवळल्या, कारण रबर एकदा तापून निवले की थोडे बसते.

दोन इशारे मिस्त्रींनी दिले, ते तुम्हालाही देते. पहिला टोपणाचा. जुन्या रेडिएटरला नव्या गाडीचे जास्त दाबाचे टोपण लावू नये. जुने डाख आणि नळ्या त्याने उकलतात. दुसरा कूलंटचा. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. सांडलेले लगेच पुसून धुऊन टाकावे, आणि उरलेले पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. घरात लहान मूल किंवा कुत्रे असेल तर दुप्पट काळजी घ्यावी.

वाटेत नळी फुटलीच तर काय करावे? बॉनेटमधून वाफ किंवा गोडसर वास आला की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. उष्णतेचा काटा खाली दिसतो म्हणून फसू नये. पाणी निघून गेले की काटा खोटे बोलतो. तापलेल्या रेडिएटरचे टोपण कोणीही, कितीही घाई असली तरी उघडू नये. कुकरची वाफ जिरायच्या आधी आपण झाकण काढतो का? येथे तर अर्धा तास, वेळ पडल्यास तासभर थांबावे. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, त्याने लोखंड तडकते. आणि दुर्दैवाने कोणाला वाफेने भाजलेच, तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, हळद, शाई, दंतमंजन, काही लावू नये. भाजणे मोठे असेल तर थेट दवाखाना गाठावा.

चार दिवस गाडी गावातल्या गावात फिरवून, रोज सकाळी जमिनीवर थेंब पडला आहे का हे पाहून, मग आम्ही वाईला गेलो. खंबाटकी चढताना जाऊबाई स्तोत्र म्हणत होत्या आणि मी काट्याकडे पाहत होते. काटा जागचा हलला नाही. लग्न छान झाले आणि आम्ही सुखरूप परत आलो. चिरंजीवांनी भंगाराचा विषय त्यानंतर काढलेला नाही.

मैत्रिणींनो, नळी मिळाली याचा आनंद आहेच. पण मला खरा बोध झाला तो वेगळा. आपल्या प्रत्येकीच्या घरात अशी एखादी तरी वस्तू आहे की जिच्यात कोणी तरी स्वतःच्या हाताने फेरफार केलेला आहे, आणि तो कसा केला हे फक्त त्याच माणसाला ठाऊक आहे. गच्चीवरच्या टाकीचा पंप असेल, जुने शिलाई यंत्र असेल, वडिलांनी दुरुस्त केलेला रेडिओ असेल. ते माणूस आहे तोवर त्याला विचारून लिहून ठेवा. ते नसेल तर वस्तू हाती घेऊन मोजा. आमच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात आता एक पुठ्ठा आहे. त्यावर वरची नळी, खालची नळी, पंख्याचा पट्टा, क्लिपा आणि टोपण यांची मापे मुलीच्या अक्षरात लिहिली आहेत, नळी बदलल्याची तारीख आहे, आणि ती वळवलेली तार पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधून ठेवली आहे. उद्या ही गाडी कोणाच्याही हाती गेली, तरी त्याला दुकानोदुकानी फिरावे लागणार नाही.

माझी मंडळाला एक सूचना आहे. पुढल्या महिन्याच्या सभेला प्रत्येकीने आपल्या घरातल्या अशा एका वस्तूची मापे लिहून आणावीत. वही मंडळाने द्यावी. तिचा खर्च मी आनंदाने देईन. कागदाच्या पट्टीने घेर कसा मोजावा हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे, पट्टी आणि पुठ्ठा दोन्ही मी बरोबर आणले आहेत.